कंप्युटरनं दोनदा विचारलं

हौसानं त्याला पाहिलं होतं. उजाडता उजाडता, चुलीत काटक्या सारताना. लेकीच्या, दिपिकाच्या गोधडीखालून पांढऱ्या कड्यांचं काळंभोर अंग सरसरत निघालं आणि भाताच्या कणगीखाली शिरलं. हौसानं नुसते हात जोडले. ओरडली नाही, काठी शोधली नाही. कारण ते घराचं राखणदार. त्याचं नाव घ्यायचं नाही, दिसलं तर बाहेर बोलायचं नाही. बोललं की ते घर सोडतं, आणि जाताना घरातलं एक माणूस घेऊन जातं. ती लग्न होऊन आली त्याच दिवशी सासूनं, धोंडीबाईनं, हे तिला बजावून ठेवलं होतं.

थोड्या वेळानं दिपिका उठली ती पोट धरूनच. "आई गो, पोटात पिळतंय." ओवा चघळायला दिला, तो उलटून पडला. अंगावर कुठं खूण नाही, सूज नाही, रक्ताचा ठिपका नाही. आणि राखणदार घरच्यांना डसत नाही, हे तर वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक! मग हौसाच्या मनात ते यावं कसं? खरं सांगू? आलं होतं. आलं, आणि तिनं ते तिथल्या तिथं दाबून टाकलं.

नवरा, जगन, आसनगावला रातपाळीवर गेलेला. दीर सुदामनं आपली जीप काढली. धाकटा भाविक अजून अंगावर पिणारा, तो कडेवर, पोरगी मांडीवर, अशी हौसा मुरबाडच्या अलीकडच्या एका संस्थेच्या नव्या दवाखान्यात पोचली.

त्या दवाखान्याची तेव्हा कोण चर्चा! डॉक्टरच्या टेबलावर कंप्युटर होता आणि तो म्हणे रोग ओळखायचा. डॉक्टर पडद्यावरचे प्रश्न वाचणार, आपण उत्तरं द्यायची, तो बटणं दाबणार, की काय झालं असेल आणि काय करावं ते पडद्यावर हजर. चांगली धडधाकट माणसं खोटं खोटं खोकत बघायला जायची. "भगताला नारळ तरी लागतो, याला तोबी नको," असं सुदाम हसून सांगायचा. आज सुदाम हसत नव्हता.

डॉक्टर तरुण होता, पण माणूस सालस. एकेक प्रश्न सावकाश वाचत होता. दुखणं कधी सुरू झालं? काल काय खाल्लं? ताप?

"जमिनीवर झोपली होती का?"

"हो."

"घरात साप दिसला होता का?"

भाविकनं आईच्या पदराचं टोक तोंडात घातलं होतं. हौसानं त्याच्याकडे बघितलं. एक माणूस घेऊन जातं. कोणतं, ते काय विचारून नेतं? पोट काय, दुखतं आणि राहतं.

"नाय," ती म्हणाली.

"नक्की ना, ताई? पावसाळ्यात असं पोट दुखलं की हा हे विचारतोच."

"नाय सायेब. आमच्यात नाय दिसला."

डॉक्टरनं बटण दाबलं. पडद्यावर सगळ्यात वर असलेली ओळ घसरून खाली गेली आणि अपचनाची ओळ वर आली. त्या यंत्राला तरी काय बोल लावायचा? जात्यात जे घालाल त्याचंच पीठ पडणार.

सुई टोचली, सलाईन लावली. हौसा खाटेपाशी बसून पोरीच्या पोटावरून हात फिरवत राहिली.

"आई, तू दोन दोन दिसतेस."

"डोळं नीट उघड गो बाय."

"उघडलेत की."

कुठले उघडलेत! पापण्या अर्ध्यावर लोंबत होत्या. हौसा डॉक्टरला हाका मारू लागली. तिच्या हाकेनं डॉक्टर धावत आला, पापण्या बघितल्या, टेबलाकडे पळाला, बटणं दाबली आणि तिथूनच ओरडला, "ताई, हा परत तेच विचारतोय! साप बघितला का? देवाची शपथ, खरं सांगा!"

हौसानं भाविकला सुदामच्या हातात कोंबलं आणि पार दाराबाहेर ढकललं, जणू उंबऱ्याबाहेर तो राखणदाराला दिसणार नव्हता. मग तिनं हंबरडा फोडला. "पायला! पोरीच्या गोधडीतून गेला! मण्यार! मण्यार हाय ती!" आणि मग वर बघून, "न्यायचं तर मला ने रे! पोरांना नको, मला ने!"

डॉक्टरनं विषावरचं औषध चढवायला घेतलं. पण पोरीचा श्वास तोकडा होत चालला होता. श्वास देणारं मशीन कल्याणला. जीपमध्ये डॉक्टर सोबत बसला, पोरीच्या तोंडावर रबरी फुगा धरून दाबत राहिला. त्याचे हात भरून आले तेव्हा हौसानं दाबला. "घे गो, श्वास घे माझे बाय, घे." रायत्याचा पूल आला तरी ती दाबतच होती. डॉक्टरनं तिचे हात धरून थांबवले.

"मघाशीच सांगितलं असतंत तर..." तो म्हणाला.

दिवसकार्यापर्यंत वाडी येऊन बसत होती. "नाव घेतलं, म्हनून नेली," धोंडीबाई येईल त्याला सांगायची आणि बायका माना डोलवायच्या. जगनही डोलवायचा. हौसाला कळेना, उलटं झालंय हे कुणाला पटवायचं? नाव घेतलं म्हणून नाही गेली. घेतलं नाही म्हणून गेली. त्या कंप्युटरनं दोनदा विचारलं, अन् पहिल्या खेपेला आईच्या तोंडाला कुलूप!

पाहुणे पांगले त्या दिवशी हौसा उठली आणि कणगीला खांदा लावला. कणगी कलंडली, भात घरभर झाला. खाली नुसतं बीळ होतं, रिकामं.

"मण्यार," हौसा मोठ्यानं म्हणाली. "मण्यार होती हितं. मण्यार!"

"अगं बये, नाव घेऊ नको! एक गेली तेवढं पुरं नाय झालं?" धोंडीबाईनं मांडीवरच्या भाविकचे दोन्ही कान हातांनी झाकले.

हौसा भात तुडवत आली. सासूचे हात एकेक करून काढले. मग खाली वाकली आणि बारशाला सांगतात तसं पोराच्या कानात ते नाव सांगितलं.