हसू येईल तो पर्याय

जाई मॅडमच्या चॅनेलला एकोणीस हजार माणसं जोडलेली होती आणि वर्गात मुलं होती चौदा. ढोकीच्या अलीकडं, उसाच्या फडांमधल्या वस्तीवरची ती दोनशिक्षकी शाळा. मोबाईल वर्गात आला तो मात्र अगदी सरळ, सरकारी कामानं. उपक्रम केला की फोटो काढा आणि ग्रुपवर टाका, नाही टाकला तर उपक्रम झालाच नाही. फोटोवरून व्हिडिओ आणि व्हिडिओवरून चॅनेल, असं होत होत मॅडमचा हात मोबाईलवरून निघेनासा झाला.

ऑगस्टमध्ये तिनं पाचवीतल्या सृष्टीला तोंडी गणित घातलं. ट्रॅक्टर तासाला वीस किलोमीटर चालतो, तर साठ किलोमीटर जायला त्याला किती वेळ लागेल? सृष्टी म्हणजे वस्तीवरच्या बजरंग शेतकऱ्याची थोरली, वर्गातली सगळ्यात तल्लख पोरगी. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मॅडम, ट्रॉली एक हाय का दोन? टेप लावलाय का? गाणं लागलं की डायवर रमतगमत जातो. आन् कारखान्याच्या काट्यावर लाईन असली तर उद्या सकाळच धरा!"

वर्ग खो खो हसला. जाईलाही हसू आवरेना. मोबाईल चालूच होता. संध्याकाळी धाराशिवला खोलीवर आल्यावर तिनं व्हिडिओ टाकला आणि आठ दिवसांत तो तीन लाख लोकांनी पाहिला. तुळजापूरहून तिच्या वडिलांचाही फोन आला. नारायणराव म्हणजे छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस.

"छान आहे हो. पण उत्तर काय दिलं मग पोरीनं?"

"अहो बाबा, तीच तर गंमत!" असं म्हणून तिनं विषय बदलला.

बदलणं भागच होतं, कारण सृष्टीनं उत्तर दिलं होतं. हसू ओसरल्यावर ती म्हणाली होती, "आन् वाटंत कुठंच थांबला न्हाय, तर तीन तास." जाईनं नेमके तेवढेच सहा सेकंद कापले होते. लोक पोट धरून हसत असताना मध्येच बरोबर उत्तर आलं की व्हिडिओची मजा जाते, हे तिला एव्हाना चांगलं कळू लागलं होतं.

त्यानंतर सृष्टी घरून तयारी करून येऊ लागली. पाढ्यांची नव्हे. अपूर्णांक विचारला की ती भाकरीवरून भावाशी झालेली मारामारी सांगायची, परिमिती विचारली की बांधाच्या भांडणात शिरायची. शाळेबाहेर लोक तिला 'ट्रॅक्टरवाली' म्हणू लागले. जाईला काही समजत नव्हतं असं मुळीच नाही. एकदा तर पोरीच्या ओठांवर आलेलं बरोबर उत्तर तिला स्पष्ट दिसलं. सृष्टीनं ते गिळलं, मोबाईलकडं पाहिलं आणि भलतंच काहीतरी ठोकून दिलं. त्याच क्षणी जाईनं मोबाईल खाली ठेवायला हवा होता. तिनं तो आणखी जवळ नेला. दिवाळीनंतर तर वर्गातली सात-आठ पोरं चुकण्यासाठी हात वर करू लागली, आणि मॅडम त्यातलं कुणाचं चुकणं चांगलं ते निवडू लागल्या.

जानेवारीत शिष्यवृत्तीचा सराव पेपर झाला. पन्नास गुणांच्या गणितात सृष्टीला आठ मिळाले. जूनमधल्या चाचणीत याच पोरीला छत्तीस होते. मधल्या सुट्टीत जाईनं तिला पेपर घेऊन जवळ बसवलं.

एका एसटीत बावन्न माणसं आहेत. थांब्यावर आठ उतरली आणि पाच चढली, तर आता किती? चार पर्यायांपैकी सृष्टीनं पाचशे वीसचा गोल काळा केला होता.

"हे काय गं?"

"पाचशे वीस माणसं यष्टीत! कंडक्टर तिकिटं कशी फाडंल, मॅडम?" सृष्टी खुदकन हसली. मॅडम हसल्या नाहीत म्हटल्यावर जरा गोंधळली. "म्या सगळीकडं तसंच केलं. ज्याला सगळ्यात जास्ती हसू येईल, त्यो पर्याय."

परीक्षा महिन्यावर आली होती. तिला रागवावं म्हटलं तर कुठल्या तोंडानं?

शाळा सुटल्यावर ती बजरंगच्या घरी गेली. तो अंगणात ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. मॅडमला पाहून तो लगबगीनं उठला, बाज झटकली आणि आत चहाची हाक दिली.

"बसा, मॅडम. लई नाव झालं बगा पोरीचं. पाव्हणं यायलेत ते आधी तिच्यासंगं फोटो काढायलेत."

"मी तिच्या परीक्षेचं बोलायला आलेय."

"फॉर्म भरलाय तर बसंल की. पण गणित तिच्या डोक्यात शिरत न्हाय, तुमच्याच व्हिडिओत बघितलं न्हाय का आमी? आदी मला वाटायचं, पोरगी हुशार हाय. बापाला वाटतंच. मग म्याच तिला म्हणलं, बाय, अभ्यासाच्या नादी लागू नगंस, तुझं डोकं हसवायचं हाय. ज्याचं त्याचं असतं."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तो भांडला असता तर बरं झालं असतं, असं जाईला वाटलं. चहा आला, तो तिनं बाजूला ठेवला. तिनं मोबाईल काढला, ऑगस्टचा न कापलेला व्हिडिओ शोधला आणि त्याच्यापुढं धरला.

ट्रॉली झाली, टेप झाला, काट्यावरची लाईन झाली. बजरंग सवयीनं हसला. मग लेकीचा आवाज आला, "तीन तास."

"परत लावा," तो म्हणाला. त्यानं ते दोनदा ऐकलं. "मग ह्ये का कापलं?"

शाळेचं नाव व्हावं, पट वाढावा, पोरांना बोलायचा धीर यावा, अशी कितीतरी कारणं जाईनं येताना वाटेत जुळवली होती. ती सगळी तिनं सोडून दिली.

"त्यात हसू नव्हतं," ती म्हणाली.

बजरंगनं कपबशी खाली ठेवली. "तुमी दावलं, म्हणून म्या खरं धरलं, मॅडम," एवढंच तो बोलला. जाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सृष्टी दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं असणार. जाईनं मोबाईल बाजेवर पालथा टाकला आणि तिला जवळ बोलावलं.

"सृष्टी, बारा केळ्यांचा एक डझन. मग चौऱ्याऐंशी केळ्यांचे किती डझन?"

सृष्टीनं पालथ्या मोबाईलकडं पाहिलं, मग बापाकडं पाहिलं.

"बरोबर सांगू का व्हिडिओवालं?"

"बरोबर सांग, बाळा."

बजरंगही पुढं सरकून बसला. सृष्टी बोटांवर मोजू लागली. बारा, चोवीस, छत्तीस इथवर आली, अडखळली आणि पुन्हा बारापासून निघाली. जाई मनातल्या मनात सात, सात म्हणत होती, जणू ते पोरीला ऐकू जाणार होतं. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर सृष्टीनं कपाळावरचा घाम पुसला.

"नऊ?"

कुणी हसलं नाही. तिनंही ते हसवण्यासाठी सांगितलं नव्हतं.