बावड्याच्या अंगणातले सव्वीस सेकंद

“घड्याळाचा आकडा खोडायचा नाही आणि त्याला ‘का’ विचारायचं नाही.” संशोधनाच्या पहिल्याच दिवशी टिळेकर सरांनी करुणाला हा नियम सांगितला आणि मला तिच्या हातात ठेवलं. तो आकडा दाखवणारा मीच. मी स्टॉपवॉच बोलतोय. अंग पोलादी, चावी डोक्यावर, आणि तेव्हा गर्व एवढा की तळहातात मावत नव्हता.

आधी मी बारामतीच्या एका शाळेत शर्यती मोजायचो. नवं घड्याळ आल्यावर मला कपाटात टाकलं. तिथून १९९६ साली सरांनी मला मागून आणलं. सर म्हातारपणाच्या आजारांचे डॉक्टर. खेड्यातली म्हातारी माणसं का पडतात, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांची चाचणी साधी: खुर्चीवरून उठायचं, दहा पावलं चालायचं, वळून परत येऊन बसायचं. सेकंद जितके जास्त, तितका पडण्याचा धोका.

डॉ. करुणा त्यांची शिष्या, इंदापूरच्या मास्तरांची मुलगी. हुशार, पण म्हाताऱ्यांच्या बोलण्याला कंटाळलेली. “गुडघा कधीपासून दुखतो विचारलं, की बहात्तरच्या दुष्काळापासून सुरुवात,” असं जीपमध्ये म्हणायची. मला ते आवडायचं. मलाही कुणाचं ऐकत थांबायची सवय नव्हती.

बावडा गावात म्हाताऱ्या सारजाबाईंच्या अंगणात आम्ही गेलो, तेव्हा त्यांचे थोरले दीर सर्जेराव आबा पानाची चंची उघडून समोरच बसले होते.

“आजी, बसा खुर्चीवर.”

सारजाबाईंनी पदर पुढं ओढला. बऱ्याच वेळानं खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकल्या.

“आता चला. भरभर, मला अजून सहा घरं करायचीत.”

त्या मान खाली घालून, पावलापुढं पाऊल ठेवत गेल्या आणि आल्या. सव्वीस सेकंद.

“काय निगालं, डॉक्टरीणबाई?” आबांनी विचारलं.

“पडण्याचा धोका आहे. जपा त्यांना.”

चार महिन्यांनी दुसरी फेरी होती. या वेळी सरही आले. ते आबांबरोबर अंगणात चहाला बसले आणि करुणा मागच्या पडवीत गेली. तिथं सारजाबाई बाजेवर बसून होत्या.

सून अनिता म्हणाली, “आत्या आता बसूनच असत्यात. आबा म्हनले, घड्याळात निगालंय, कुटं पडली तर? म्हशी माझ्याकडं आल्या. डेअरीला दूध हे घिऊन जात्यात.”

“आजी, आधी डेअरीला तुम्ही जायचात?”

“रोज दोनदा. भरली किटली घिऊन.”

“मग त्या दिवशी इतकं हळू का चाललात?”

सारजाबाईंनी तिच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. “थोरलं भावजी बसलं व्हतं की समोर. त्यांच्या म्होरं खुर्चीवर पसरून बसू व्हय? तरातरा चालू व्हय? इंदापूरची ना तू? येवढं बी ठावं न्हाय?”

करुणाचा चेहरा उतरला. तिनं गोठ्यामागं एक स्टूल ठेवलं. तिथं कुणीच थोरलं माणूस नव्हतं. तिनं माझी कळ दाबली.

एकोणीस.

“आखडलं गं पाय,” सारजाबाई धापा टाकत म्हणाल्या. “बसवून ठिवलं ना.”

पहिला आकडा खोटा होता. पण त्या खोट्या आकड्यानंच बाईला बाजेवर बसवलं, आणि बसून बसून तो खरा व्हायला निघाला होता. आधी त्या किती सेकंदांत आल्या असत्या, हे आता कुणालाच कळणार नाही, मलासुद्धा. माझा काटा तेव्हाही अचूकच होता, आणि तीच माझी लाज आहे. मला हातात घेणाऱ्यांनो, माझ्याकडं बघण्याआधी अंगणात कोण कोण बसलंय ते बघत जा.

करुणानं अंगणात येऊन सगळं सांगितलं.

“एकीसाठी नियम मोडता येत नाही,” सर म्हणाले. “उलट हे एकोणीस दुसऱ्या फेरीच्या रकान्यात लिही. सुधारणा दिसते.”

“सुधारणा? आणि एकीचं नाही, सर. एक्केचाळीस बायका आपण दिरासासऱ्यांसमोर चालवल्यात.”

आबांनी सुपारी कातरायची थांबवली. “आमच्या घरात बाया थोरांच्या म्होरं पळत न्हाईत. रीत हाय ती.”

“रीत तुमची, आबा. चूक माझी. मला घाई होती, मी विचारलंच नाही.” तिनं वही उघडली आणि सव्वीसवर आडवी रेघ मारली.

“करुणा,” सरांचा आवाज चढला, “पुढच्या महिन्यात पुण्याला परिषद आहे. तुझं पहिलं संशोधन आहे हे. मी तुझ्या दुप्पट वयाचा आहे, माझं ऐक.”

“नाही ऐकणार. हे आकडे पुण्याला जाणार नाहीत, आणि गेले तर त्यांच्यावर माझं नाव नसेल. एक्केचाळीस घरी मी परत जाणार आहे, चूक सांगायला. आणि आबा, आजी उद्यापासून चालतील. आधी गोठ्यापर्यंत, मग डेअरीपर्यंत. त्यांना बसवायचं असेल तर आधी माझ्याशी बोला.”

सर बशीतल्या चहाकडं बघत राहिले. आबांनी चंची गुंडाळली आणि समोरची जागा सोडून ते उठले.