दोन ठोक्यांच्या आधी

शिशिरातल्या सकाळी कुडपणहून उतरणारी एस.टी. धुक्यातून आधी ऐकू यायची आणि मागाहून दिसायची. उमरठच्या वळणावर घंटेचा एक ठोका पडे, गाडी थांबे, आणि निघण्याच्या दोन ठोक्यांआधी जी लांबच लांब निःशब्दता पसरे, ती म्हणजे आमच्या कंडक्टर पुष्पाताई. हात दोरीवर, नजर पायवाटेवर, आणि चेहरा असा निर्विकार की आत काय चाललंय याचा थांग लागू नये.

त्या पायवाटेने माझे आबा यायचे. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी महाडला न्यायचं, आणि ही गाडी चुकली की दवाखान्यातली त्यांची पाळी दुसऱ्याला जायची. मी पुढे धावत येऊन पायरीवर उभा. आबा मागून काठी टेकत, दोन-चार पावलांवर श्वास गोळा करत. सगळी गाडी चुळबुळे, पण पुष्पाताई दोरी ओढत नसत. देवमाणूस, म्हणायचो मी.

एकदा त्या थांबण्यापायी पोलादपूरला साताऱ्याची गाडी निघून गेली, आणि वरच्या वाडीतल्या एका मुलीची नर्सिंगची मुलाखत हुकली. दुसऱ्या दिवशी तिची आई गाडीत कडाडली, "ह्यांचा म्हातारा तेवढा मानूस, नि माझी पोर कोन नाय गो?" मी आपला खिडकीबाहेर बघत बसलो. पुढच्या खेपेला पुष्पाताई आबांसाठी पुन्हा थांबल्या, आणि त्याच सकाळी हात वर करून पळत येणाऱ्या एका माणसाला मात्र धुक्यात सोडून गेल्या. डोकंच चक्रावलं माझं. ही माया म्हणावी की मर्जी?

न राहवून विचारलं, "ताई, कुणासाठी थांबायचं, हे ठरवता कसं?"

"मला तरी कुठं कळतंय, दादा?" त्या चिडूनच म्हणाल्या. "तुम्हांला कळलं तर सांगा."

फाल्गुनात आबा गेले. दिवसकार्य आटोपून महाडला कामावर निघालो, एकटाच गाडीत चढलो, आणि घंटा काही वाजेना. पुष्पाताई माझ्या पाठीमागच्या रिकाम्या पायवाटेकडे बघत होत्या. त्यांना कळलं नव्हतं, की कळूनही हात उठत नव्हता, कोण जाणे! गाडीत कुणी हूं की चूं केलं नाही. त्या मुलीची आईसुद्धा गप्प होती. मग ताईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती दोरी माझ्या हाती आल्यासारखी वाटली.

"चला, ताई," मी म्हणालो.

दोन ठोके पडले.

त्यांचं थांबणं न्याय होतं की अन्याय, मला आजही उमगत नाही. एवढंच जाणतो, की चितेला अग्नी दिला त्या दिवशी आबा गेले नव्हते, ते त्या वळणावर मागे राहिले, मी 'चला' म्हणालो तेव्हा.