शेजारची खुर्ची

लायसन्स परत मिळालं त्या दिवशी कप्तानाने क्लबात सगळ्यांना चहा पाजला आणि सगळ्यांनी तो आनंदाने प्यायलाही. त्याच्या विमानात बसायला मात्र कोणी तयार नव्हतं. कप्तान म्हणजे एरवी औषधांच्या दुकानाचा मालक, सडाफटिंग माणूस. हे नाव त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, दाजींनी, चिडवायला ठेवलं आणि ते चिकटलं. रविवारी ह्याने छोटं विमान उडवायचं आणि दाजींनी शेजारी बसून गप्पा हाणायच्या, अशी बरीच वर्षं गेली.

मग ती चूक झाली. त्या विमानात वैमानिकाची खुर्ची रुळावर पुढेमागे सरकते आणि खिट्टी भोकात बसली की थांबते. निघण्याआधी ती गदागदा हलवून बघायची, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. त्या दिवशी दाजींना पट्टा पुरेना. कप्तानाने आपली खुर्ची मागे घेऊन, त्यांची टर उडवत तो ओढून लावला, खुर्ची पुढे आणली आणि हसण्याच्या नादात हलवून बघायची राहिली. विमानाने जमीन सोडून नाक वर केलं तशी खुर्ची सरकन मागे गेली आणि हातातलं सुकाणूही त्याच्याबरोबर मागे ओढलं गेलं. नाक आभाळाकडे उभं राहिलं आणि विमान धावपट्टीपलीकडच्या नांगरलेल्या शेतात आदळलं. कप्तानाला नुसतं खरचटलं. दाजींचं खुब्याचं हाड मोडलं.

चौकशीत कप्तानाने काहीच लपवलं नाही. बहुधा तेच नडलं: लायसन्स तर गेलंच, पण चूक कोणाची हेही क्लबभर झालं. लायसन्स परत आल्यावर कोणाला फेरीला बोलावलं की क्लबातल्या मिस्त्रीचं पोट ऐन वेळी बिघडायचं, भाचीचा अभ्यास कधी संपायचा नाही. दुधाने तोंड पोळलं होतं एकट्या दाजींचं, ताक मात्र सगळा क्लब फुंकून पीत होता. कप्तान एकटाच उडायचा. वर गेल्यावर "ते बघा, दाजी" असं तोंडातून निघून जायचं, आणि मग दिवसभर कोणाशी बोलावंसं वाटायचं नाही.

एका रविवारी दाजी काठी टेकत क्लबात आले. कप्तानाचा जीव भांड्यात पडला. दाजी मिस्त्रीशी बोलले, विमानाचा नवा रंग बघून नाक मुरडलं, बाकावर बसले. कप्तान बराच वेळ घुटमळला.

"दाजी, चला ना. एकच फेरी."

दाजींनी काठी मांडीवर आडवी घेतली. "राग कधीच गेला रे. तुझ्या ताईला विचार. मनापासून माफ केलंय तुला."

"मग?"

"बसणार नाही मी. माफ करायला मन पुरतं, कप्तान. बसायचं तर सगळं अंग न्यावं लागतं, आणि ते काही ऐकत नाही."

ताईने रात्री जेवायला बोलावलंय, एवढंही त्यांनी सांगितलं. कप्तानाने मान हलवली. दाजी खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

त्याने रिकाम्या खुर्चीचा पट्टा लावून टाकला, नाहीतर तो लोंबकळत राहतो. आपली खुर्ची हलवली, पुन्हा एकदा हलवली आणि निघाला. एकच माणूस असला की विमान लवकर उठतं. पट्टी अर्धीही सरली नव्हती, तोच चाकं सुटली. शिकत होता तेव्हा अशा हलक्या विमानासाठी तो जीव टाकायचा. आज ते आणखी थोडं जमिनीवर रेंगाळलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.