तेवीस रोपं

चन्नप्पाला 'मास्तर' म्हणणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते वळसंगच्या अलीकडे माळावर एका झोपडीत राहायचं. सोलापूरच्या कॉलेजात तो वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतला नोकर. काचपट्ट्या पुसायच्या, बरण्यांतलं फॉर्मॅलिन बदलायचं, झाडं दाबून, वाळवून जाड कागदाच्या शीटवर चिकटवायची. तिथं कालची पोरंसुद्धा 'ए चन्नप्पा' करायची. सात रस्त्याजवळ एक खोली, खोलीत एक स्टोव्ह. बायको जाऊन अकरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की सोमवारपर्यंत त्याचं तोंड उघडायचं ते फक्त जेवायला.

म्हणून रविवारी तो एस.टी. धरून माळावर जायचा. झाडं हुडकायला जातो, असं तो स्वतःला सांगायचा. तिथं खडकात एक उथळ खळगा होता. पावसात त्यात दोन बोटं पाणी साचायचं, आणि त्या चिखलात एक फूल यायचं. रोप बोटभर उंच, देठ पोकळ, पानं तिळाएवढी. फूल फिकट जांभळं, खालच्या पाकळीवर दोन पिवळे ठिपके. ऊन चढलं की उघडायचं आणि दुपार व्हायच्या आत मिटायचं. दिवाळीपर्यंत खळगा आटला की रोप मरायचं. मागं राहायचं ते धुळीएवढं बी, पुढच्या पावसाची वाट बघत चिखलात पडलेलं. प्रयोगशाळेतल्या जाडजूड पुस्तकांत त्याला हे फूल कुठं सापडलं नव्हतं.

खळग्याशेजारी रत्नम्माची झोपडी होती. म्हातारी, एकटी, दोन शेळ्यांची मालकीण. लेक अक्कलकोटकडं दिलेली, ती वर्षातून एकदा यायची. चन्नप्पा दिसला की ती हाक मारायची, "बर्री मास्तर, तुमचं पाव्हनं आलंय बगा." 'बर्री' म्हणजे कानडीत 'या'. फुलाला ती पाव्हणंच म्हणायची. शेळ्यांना तिकडं फिरकू द्यायची नाही. मग दोघं अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलत बसायची. चहात दूध थोडं आणि गूळ फार. चन्नप्पाच्या आठवड्यातलं सगळं बोलणं एवढंच.

एकाहत्तर साली, भाद्रपदात, त्यानं एक रोप दाबून पुण्याच्या एका संस्थेला पाठवलं. महिन्याभरात टाइप केलेलं पत्र आलं. वर 'श्रीयुत' होतं. चन्नप्पानं ते पत्र किती वेळा वाचलं याची मोजदाद नाही. जात नवी दिसते, लिहिलं होतं. मूळ, फूल आणि फळ यांसह पाच शीट पाठवाव्यात, शीटवरच्या चिठ्ठीचे सर्व रकाने भरावेत. एका रकान्यात संग्राहकाचं नाव असतं. ते छापलं जातं आणि शे-दोनशे वर्षं कपाटात राहतं.

पुढच्या रविवारी रत्नम्मा बाजाराला गेली होती. त्यानं रोपं मोजली: तेवीस. बोटभर रोपांची शीट भरायची तर एकेका शीटला चार-पाच तरी हवीत. तीन ठेवायची, असं त्यानं ठरवलं. वीस उपटली आणि चिखलाच्या हातांनी परत एकदा मोजली. पाचवी शीट त्याला डोळ्यांपुढं मोकळी मोकळी दिसायला लागली. हावरटाला ताट कधी भरलेलं दिसत नाही. त्यानं उरलेली तीनही उपटली. बोंडं अजून कच्ची, बंद होती.

घरी आल्यावर वाळवली, कीड लागू नये म्हणून विषाच्या पाण्यात बुडवून काढली, चिकटवली. 'प्रमाण' असा एक रकाना होता, जागेवर किती रोपं आढळतात ते लिहायचा. तिथं पेन अडलं. एकही शिल्लक नाही, असं कसं लिहायचं? त्यानं 'मुबलक' लिहिलं.

मागच्या वर्षांचं बी चिखलात असेलच, अशी त्याची समजूत होती. पण बहात्तरला पाऊसच पडला नाही. माणसं खडी फोडायला गेली, ढोरं मेली, तिथं फुलाचं कोण विचारतो. चन्नप्पा एकदा जाऊन कोरडा खळगा बघून आला, नंतर गेलाच नाही. दुष्काळ अंगावर ओढायला बरा असतो; आपलं पाप त्यात झाकून जातं. रविवारी तो खोलीत पडून राहायचा. सोमवारी त्याचाच आवाज त्याला ओळखू यायचा नाही.

त्र्याहत्तरला पाऊस चांगला झाला. भाद्रपदात पुण्याचं दुसरं पत्र आलं. जात नवीच ठरली होती, संग्राहक म्हणून त्याचं नाव छापणार होते. आणि आपण 'मुबलक' लिहिलं आहे, तर एक अभ्यासक ती जिवंत पाहायला येईल. रविवारी चन्नप्पा पहिली गाडी धरून माळावर गेला.

खळगा भरलेला होता. लव्हाळं होतं, शेवाळ होतं, बेडूकही होते. जांभळं काही नव्हतं. कडेनं मात्र कुणीतरी दगड रचून बांध घातला होता, आणि विहिरीकडून तिथवर पायवाट पडली होती. विहीर मैलभर लांब.

रत्नम्मा काठी टेकत आली. फार वाळली होती. 'बर्री' म्हणाली नाही.

"मास्तर, माजं चुकलं का वो?" तिनं विचारलं.

"काय झालं?"

"दुष्काळात मी रोज अर्दी घागर हितं वतत व्हते. म्हनलं, पाव्हनं न्हाय आलं तर मास्तर बी येनार न्हाईत. बारीक बारीक हिरवं उगवलं व्हतं की! लई हरकले. मंग उन्हाळ्यात विहीर आटली, आनि चार दिसांत समदं करपलं."

चन्नप्पा बांधावर बसला. चिखलात राहिलेलं शेवटचं बी तिच्या पाण्यानं जागं झालं होतं, आणि फूल धरायच्या आत जळालं होतं. माणसाला प्यायला पाणी नव्हतं त्या वर्षी ही बाई त्याच्यासाठी इथं घागरी वाहत होती. आणि तो खोलीत भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्याला रडू फुटलं.

"तुमचं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "मी नेली, रत्नम्मा. त्या साली तुम्ही बाजाराला गेला होता तेव्हा. सगळी. बी पडूच दिलं नाही. उगवलं ते गवत असेल."

तिनं काठीनं बांधाचा एक दगड सारखा केला.

"मला वाटलं शेळ्यांनी खाल्ली," ती म्हणाली. "लई मारलं व्हतं त्यास्नी."

पत्राला उत्तर द्यायला आणलेलं पोस्टकार्ड त्यानं खिशातून काढलं आणि गुडघ्यावर ठेवून पुण्याला लिहिलं: 'प्रमाण' या रकान्यातलं 'मुबलक' खोडावं. एकही नाही. संग्राहकानं सर्व उपटली. येऊ नये. खाली सही केली, पूर्ण नावानिशी.

तो उठला तेव्हा रत्नम्मा झोपडीच्या दारात उभी होती.

"आता फूल न्हाय," ती म्हणाली, "म्हंजी तुमी येनार न्हाय?"

"येईन की," चन्नप्पा म्हणाला.

"मंग बसा. च्या ठेवते."