दीड मिलिमीटर

आमच्या घरात खंडेनवमीला हत्यारांची पूजा ज्याच्या हातानं होते, गल्ल्यामागची खुर्ची त्याची. आजोबांनी माझ्या वडिलांच्या, आबांच्या हातात ताम्हण दिलं, त्या दिवसापासून आजोबा दुकानात बाहेरच्या बाकड्यावर बसायला लागले. यंदा आबांचे गुडघे गेले आणि श्रावणातच ते म्हणाले, "खंडेनवमीला काय ते ठरवू." मी खुळी. मला वाटलं, ठरवायचं म्हणजे विचार करून ठरवायचं.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमचं चाकांचं दुकान आहे. मी, स्वप्नाली, तिथं अकरा वर्षं उभी आहे. माझा धाकटा भाऊ पृथ्वीराज सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून एमबीए करून आला. आल्या आल्या त्यानं दुकानाचं इन्स्टाग्राम काढलं. त्यातल्या एकाही फोटोत माझं तोंड नाही. हात आहेत, ग्रीसचे.

नवरात्राच्या चौथ्या माळेला गगनबावड्याकडचे गुंडू देसाई आले. गाडी बारा वर्षांची, छोटी एसयूव्ही. खड्ड्यांनी दोन रिमा वाकलेल्या, एकीला चीर. त्या रिमा कंपनीनं केव्हाच बंद केल्या होत्या.

"चारी नवीन टाका," देसाई म्हणाले. "पण नीट बसणारी पायजेत. लेक खाली कोकणात दिलीया. महिन्यातनं चारदा घाट उतरतो."

मी कपाटातून अंतर मोजायचा व्हर्नियर काढेपर्यंत पृथ्वीराजनं काळी चकचकीत चाकं पुढं ओढली होती. "ही घ्या. पाच बोल्ट, पाच भोकं. बसत्यात की."

गाडीला पाच बोल्ट, चाकाला पाच भोकं, एवढं जुळलं की चाक बसतं, असं निम्म्या कोल्हापूरला वाटतं. पण शेजारच्या दोन बोल्टांमधलं अंतरही तंतोतंत जुळावं लागतं. मी मोजलं. गाडीचं सदुसष्ट मिलिमीटरच्या थोडं वर. चाकाचं सहासष्टही भरत नव्हतं. फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा. एवढा फरक पान्याला जोर लावला की झाकला जातो, आणि घाटात उघडा पडतो.

"पृथ्वी, हे बसायचं न्हाय," मी म्हणाले.

"ताई, तुझं नेहमीचंच. मी बसवून दाखवतो."

मी आबांकडं बघितलं. ते मान खाली घालून पावतीपुस्तक चाळत होते. "स्वप्नाली, गप जरा. गिऱ्हाईक हाय समोर." गिऱ्हाइकासमोर घरच्या माणसाला खोडायचं नाही, हा आबांचा नियम. मला त्यांनी किती वेळा गिऱ्हाइकासमोर खोडलं, ते मी मोजलेलं नाही. माझ्या बाबतीत तो नियम नसावा.

पृथ्वीराजनं चारी चाकं बसवली. पाना किंचाळत होता, तरी बसवली. देसाई खूश होऊन पेठेतल्या पाहुण्यांकडं जेवायला गेले. चार वाजता येऊन गाडी नेणार होते. पृथ्वीराजही फोटो काढून घरी जेवायला गेला.

मी न विचारता जॅक लावला. पुढचं डावं चाक काढून आबांच्या पायाशी ठेवलं. पाच नटांतले तीन तिरके बसले होते आणि भोकांच्या कडा एका बाजूनं खरवडून पांढऱ्या पडल्या होत्या. आबांनी कडेवरून बोट फिरवलं. तीस वर्षं ज्या माणसानं चाकं बसवली, त्याला काय सांगायचं?

"बदल," ते हळू म्हणाले. "वर माळ्यावर दुसरी असत्याल. काळीच बघ. गिऱ्हाइकाच्या ध्येनात यायला नको."

"त्यांना सांगायचं न्हाय?"

"पोराचं पयलंच काम हाय. नाव जाईल त्याचं."

"आणि माझं, आबा?"

"तुझं काय? तू घरचीच की."

हे वाक्य मला जेवढं लागलं, तेवढं अकरा वर्षांत पान्यानंही लागलं नव्हतं. तरी मी माळ्यावर चढले. बरोबर अंतराची चाकं शोधली. चाकाचं मधलं भोक गाडीच्या आसावरच्या हबपेक्षा मोठं होतं, म्हणून आतून रिंग बसवली. चाक गाडीच्या अंगाबाहेर येत नाही ना, आत काही घासत नाही ना, बघितलं. चारी बसवून हात धुवेपर्यंत पावणेचार झाले. पृथ्वीराज आला, त्यानं चाकांकडं बघितलंही नाही. देसाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि गाडी नेली.

खंडेनवमीला आईनं दुकानात पाट मांडला. पाने, जॅक, हातोडी, वर झेंडूची फुलं. माझा व्हर्नियर मीच मांडला. आबांनी कधीतरी चांगल्या दिवसांत तो मला आणून दिला होता. तेवढ्यात देसाई पेढे घेऊन दारात.

"दोनदा घाट उतरून आलो, आबा! गाडी लोण्यागत पळतीया. पोरगं हिऱ्यागत हाय तुमचं!"

आबांनी पेढा तोंडात टाकला आणि ताम्हण उचलून पृथ्वीराजच्या हातात दिलं. माझ्याकडं बघायचं त्यांनी मोठ्या कष्टानं टाळलं. ठरवायचं ते ठरलं होतं.

पृथ्वीराज एकेका हत्याराला कुंकू लावत गेला. व्हर्नियरपाशी थांबला. "ताई, हे कशाला लागतंय गं?"

देसाई मोठ्यानं हसले, त्यांना चेष्टा वाटली. आबा हसले नाहीत.

मी पुढं झाले आणि पाटावरचा व्हर्नियर उचलला. पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं. आई ओरडलीच, "अगं, अपशकून हाय!" मी पदरानं त्यावरचं कुंकू पुसलं, तो पिशवीत टाकला आणि पायरी उतरले. इचलकरंजीत एक चाकवाला दोन वर्षं मला बोलावत होता.

पायरीशी एक जुनी गाडी येऊन थांबली. कडेवर पोर घेतलेली बाई उतरली, तिचा नवरा आत डोकावला. "उद्या दसऱ्याला चाकं बदलायची हायत. बसत्याल न्हवं ह्या गाडीला?"

"पाच भोकं हायत न्हवं?" पृथ्वीराजचा आवाज आला. "बसत्यात की."

 मग आबांचा आवाज आला, चिरका, गिऱ्हाइकासमोर, "स्वप्नाली! ए स्वप्नाली, मोजून जा गं एवढं!"

मी थांबले. त्या बाईला म्हणाले, "इथं बसवू नका," आणि चालायला लागले.