परीक्षेचा चहा

माणूस किती सोशिक आहे हे सरकार तेव्हा चहा पाजून तपासत असे. निरीक्षक वर्षातून एकदा घरी यायचा. थर्मासमधला चहा कपात ओतायचा, खिशातली काडेपेटी उघडायचा आणि तिच्यातली मेलेली माशी कपात टाकायचा. तोंड वाकडं न करता कप रिकामा केला तर हिरवं कार्ड मिळे. ते नसलं तर सौंसरहून नागपूरच्या बसचं तिकीट नाही आणि सरकारी दवाखान्यात भरती नाही. परीक्षेबद्दल बाहेर बोलायलाही बंदी. असल्या घाणेरड्या कामालाही पगारी माणूस मिळतो, याची मला माशीपेक्षा जास्त शिसारी यायची.

मी शाळामास्तर. चार वर्षं मुकाट्यानं पास होत आलो होतो. चौऱ्याऐंशी साली साठीच्या वरच्यांनाही परीक्षा लागू झाली, आणि माझ्या आईच्या, केसरबाईच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन नागपूरला व्हायचं होतं. मला वाटलं, बरंच झालं, तिला माशी दिसणारच नाही. असा विचार मी केला, आणि तो मला शहाणपणाचा वाटला.

"साहेब चहा देईल, तो पिऊन टाक," एवढंच मी तिला सांगून ठेवलं.

निरीक्षक आला. आधी माझी पाळी झाली. गिळलं. मग त्यानं आईच्या हातात कप दिला. आईनं तो चाचपला आणि परत त्याच्यापुढे धरला.

"आधी तुमी घ्या जी. पाहुण्याच्या आधी आमी चहा पेत नाई."

"मला नको, आजी."

"असं कसं? उन्हातून आले. अर्धा तरी घ्या." आग्रहात आमची आई कोणाचं ऐकायची नाही. कप थेट त्याच्या मिशीजवळ गेला. तो खुर्चीसकट मागे सरकला आणि त्याचं तोंड असं वाकडं झालं, की माझ्या वर्गात एखाद्या पोरानं ते केलं असतं तर मी त्याला बाहेर काढलं असतं.

त्याची परीक्षा घेणारं मात्र कोणी नव्हतं. पेन्सिल काढत तो म्हणाला, "मास्तर, आजी नापास होते. घरच्या माणसानं पाजला तर चालते, तसा नियम आहे. पाजता का?"

मी आईजवळ बसलो. "पी आई, त्याले नको आहे."

"काई पडलं तर नाई ना रे त्यात? साहेब काहून मागं सरकला?"

"काही नाही. साखर जास्त आहे."

माझ्या शब्दावर तिनं कप रिकामा केला. शेवटच्या घोटाला जरा थांबली, जिभेनं काहीतरी चाचपलं आणि गिळलं. "चायपत्ती गाळली नाई वाटते," असं म्हणून हसली. निरीक्षकानं हिरवं कार्ड फाडून दिलं. मी मोरीत जाऊन ओकलो.

ऑपरेशन चांगलं झालं. आई सुईत दोरा ओवायला लागली, संत्र्याच्या फोडीतल्या बिया बघून काढायला लागली. वर्ष कसं सरलं कळलं नाही.

पुढच्या वर्षी तोच माणूस, तोच थर्मास. मी कप रिकामा केला. साहेबानं वहीत माझ्या नावापुढे अजून खूण केली नव्हती, तोच त्यानं आईपुढे कप ठेवला आणि काडेपेटी उघडली. आईनं माशी पडताना पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"मागच्या वर्षीबी होती काय रे, श्रीधर?"

मी माझ्या रिकाम्या कपात बघू लागलो. तिला तेवढं पुरलं.

या खेपेला तिनं पाहुण्याला आग्रह केला नाही. कप उचलला आणि माझ्या तोंडाकडे बघत शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

माझं तोंड वाकडं झालं. निरीक्षक ते बघतच होता. त्यानं आईला कार्ड दिलं आणि वहीत माझ्या नावापुढे नापास लिहिलं.